शोषखड्डे वर्षात तुंबले, आता भूमिगत गटार करून एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प) बसवावा का?

हजार वस्तीच्या गावाला एसटीपी नको. खड्डे का तुंबले हे न बघता भूमिगत गटाराचा ठराव केलात, तर आज दारात दिसणारी घाण उद्या एकवट होऊन ओढ्यात दिसेल, एवढाच फरक.

पंढरपूर तालुक्यातला असाच एक तुंबलेला खड्डा आम्ही पुरता उकरला. दगडांवर साबणाचा काळा बुळबुळीत थर, त्यात केस आणि चहाचा चोथा. तळाला भांड्यांच्या राखेचा चार बोटं गच्च थर. खड्डा एक मीटर खोल, सगळा काळ्या मातीत. ओल्या काळीत जेसीबीची बकेट घासली की भिंत लिंपल्यासारखी गुळगुळीत होते, मग पाणी जिरायला वाटच राहत नाही. मुरूम आणखी दोन फुटांवर होता. अंदाजपत्रकात एक मीटर लिहिलेलं, म्हणून ठेकेदार एक मीटरवर थांबला. यात शोषखड्डा या पद्धतीचा काय दोष?

हिशोब बघा. माणशी 55 लिटर पाणी धरलं, तर त्यातलं 80 टक्के सांडपाणी होतं. पाच माणसांच्या घराचं रोज 220 लिटर. घनमीटरभर खड्ड्यात दगड भरल्यावर पोकळी उरते जेमतेम 400 लिटर, म्हणजे दोन दिवसांत भरला. खड्डा साठवायला नसतोच, जिरवायला असतो.

म्हणून आधी मुरमापर्यंत एक लहान खड्डा घ्या, पाण्यानं भरून रात्रभर मुरू द्या. सकाळी पुन्हा भरून पट्टीनं मोजा. तासात इंचभरही उतरलं नाही, तर तिथं शोषखड्डा करू नका. उतरलं तर खणून झाल्यावर भिंती टिकावानं खरवडा, खाली मोठे आणि वर लहान दगड भरा. घनमीटरभर खड्ड्याला ब्रासच्या (100 घनफूट) तिसऱ्या हिश्शाएवढे पुरतात. खड्ड्याआधी जाळी आणि गाळटाकी हवीच. टाकीतून बाहेर जाणाऱ्या पाइपला टी (T आकाराचा जोड) लावा, त्याचं खालचं टोक पाण्यात सहा इंच बुडवा. तेलकट मळी वर तरंगते, राख तळाला बसते, मधलं पाणी पुढं जातं. दर पंधरा दिवसांनी टाकी उपसायची. हे काम घरानंच करायचं, पंचायतीच्या माणसावर सोडलं की तुंबलं.

ज्या घरांखाली नुसती काळीच आहे, तेवढ्यांचंच पाणी नाल्यानं गावाखाली न्या. तिथं दोन फूट खोल खडीचा वाफा करा. तळाला प्लास्टिक कागद, वर कर्दळ किंवा पाणकणीस, माणशी एक ते दोन चौरस मीटर जागा. वाफ्याआधी गाळ बसायला मोठी टाकी हवी, नाहीतर खडीही तुंबेल.

एसटीपीचा ब्लोअर, म्हणजे पाण्यात हवा सोडणारा पंखा, बंद पडून राहिला की घाण खाणारे आतले जीवाणू मरतात. पथदिव्यांचं बिल थकवणारी पंचायत तो रात्रंदिवस चालवणार? 2020 साली मंजूर झालेल्या स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपयांची मर्यादा घातली होती. हजार माणसांचे झाले 2 लाख 80 हजार. एवढ्यात भूमिगत पाइपही पुरे होत नाहीत. गटार म्हणजे विकास आणि खड्डा म्हणजे गरिबाची सोय, असं सभेत म्हणणाऱ्यांपुढं हाच आकडा ठेवा.

हे सगळं न्हाणी-मोरीच्या पाण्यापुरतं. संडासाचं आणि गोठ्याचं पाणी यात अजिबात सोडू नका. कालव्याच्या भागात पाणी सहा-सात फुटांवर लागत असेल, तर शोषखड्डे बाद, सरळ वाफाच करा. पिण्याची विहीर किंवा बोअर पन्नास फुटांच्या आत असेल तिथंही खड्डा घेऊ नका.