‘बाय फ्रायडे’ की ‘टिल फ्रायडे’?

प्रश्न : ‘शुक्रवारपर्यंत’ हे इंग्रजीत ‘बाय’ने सांगायचं की ‘टिल’ने? ‘बाय’चे इतर उपयोगही सांगा.

उत्तर : आधी क्रियापद पाहा. पाठवणं, भरणं, पोहोचणं अशी एकदाच होऊन संपणारी क्रिया असेल आणि शुक्रवार ही मुदत असेल, तर ‘बाय’ : ‘सेंड द रिपोर्ट बाय फ्रायडे’. बुधवारी पाठवला तरी चालेल. क्रिया शुक्रवारपर्यंत सलग चालणार असेल, तर ‘टिल’ : ‘आय ॲम हिअर टिल फ्रायडे’. मराठीत दोन्हीकडे ‘पर्यंत’ येतं, म्हणून ‘आय विल फिनिश इट टिल फ्रायडे’ अशी चूक होते. मात्र नकारार्थी वाक्यात एकदा होणाऱ्या क्रियेलाही ‘टिल’ चालतं : ‘डोन्ट ओपन इट टिल फ्रायडे’, म्हणजे शुक्रवारच्या आधी उघडू नका. महत्त्वाच्या पत्रात नुसतं ‘बाय फ्रायडे’ लिहू नये. शुक्रवार धरायचा की नाही, यावरून वाद होतात, वेळही लिहावी.

आकड्यांत तर फार जपावं. किंमत ४० होती आणि ‘इन्क्रीज्ड बाय ५०’ लिहिलं, तर ती ९० झाली. ‘इन्क्रीज्ड टू ५०’ लिहिलं, तर ५०.

प्रवासात ‘बाय बस’, ‘बाय कार’. पण मध्ये ‘माय’ आलं की ‘इन माय कार’. पायी जाणं ‘ऑन फुट’. कर्मणी प्रयोगात कर्त्याला ‘बाय’, हत्याराला ‘विथ’ : ‘ओपन्ड बाय द गार्ड विथ अ की’.