मध्यवर्ती बँक बाजारात उतरली, तर भाव खरा मानायचा का?

प्रश्न : मी चलनांचे आणि सरकारी रोख्यांच्या वायद्यांचे व्यवहार करतो. आकडेवारी पाहून, चार्ट तपासून सौदा करावा आणि नेमक्या त्याच वेळी एखाद्या मध्यवर्ती बँकेने बाजारात उतरून सगळे गणित उलटवावे, असा अनुभव वारंवार येतो. या हस्तक्षेपामुळे भाव कृत्रिम होतात आणि अभ्यास करून व्यवहार करणाऱ्या ट्रेडरवर अन्याय होतो, असे माझे मत झाले आहे. ते बरोबर आहे का?

उत्तर : विपर्यास होतो, यात शंका नाही; फक्त तो तुम्ही म्हणता त्या ठिकाणी होतो असे मला वाटत नाही. भाव कृत्रिम आहे असे आपण म्हणतो, तेव्हा हस्तक्षेप नसता तर कुठेतरी एक अस्सल भाव असता, असे गृहीत धरलेले असते. चलने आणि रोखे यांच्या बाबतीत असा भाव दाखवता येत नाही. चलन काढते ती मध्यवर्ती बँक, बँका एकमेकींना एका रात्रीपुरता पैसा साधारण कोणत्या दराने देतील हे ठरवते तीही तीच, आणि दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा असो की दोन चलनांमधला वायद्याचा दर असो, त्यांचे गणित त्या एका रात्रीच्या दरापासूनच सुरू होते. मध्यवर्ती बँक नव्हती तेव्हा बाजार मोकळा होता, असेही नाही. १९०७ साली न्यूयॉर्कमध्ये ठेवीदारांनी पैसे काढून घेण्यासाठी रांगा लावल्या, तेव्हा जे. पी. मॉर्गन या खासगी बँकरने इतर बँकांच्या प्रमुखांना एकत्र बसवून पैसा उभा केला. हस्तक्षेप तेव्हाही झालाच. तो करणारा माणूस मात्र कोणालाही उत्तरदायी नव्हता. अमेरिकेची मध्यवर्ती बँक, म्हणजे फेडरल रिझर्व्ह, स्थापन करणारा कायदा १९१३ मध्ये झाला, त्यामागे हा अनुभव होता.

हस्तक्षेपामुळे खरोखर बिघडते ते जोखमीचे मोजमाप. ट्रेडर आणि त्याचा ब्रोकर हे दोघेही जोखीम मोजतात ती मागच्या काही महिन्यांच्या चढउतारांवरून. मध्यवर्ती बँकेने भाव एका मर्यादेत धरून ठेवला की चढउतार आटतात, जोखमीचा आकडा लहान दिसू लागतो, ब्रोकर कमी मार्जिनवर (म्हणजे सौद्यासाठी कमी अनामत रक्कम घेऊन) सौदा करू देतो आणि ट्रेडर एरवी घेतली नसती एवढी मोठी पोझिशन, म्हणजे उघडा सौदा, घेऊन बसतो. रोजच्या भावातून दिसेनाशी झालेली जोखीम दरम्यान एका कोणत्या तरी दिवसासाठी साठत असते, आणि तो दिवस कोणता हे चार्टवर उमटत नाही.

स्वित्झर्लंडचे उदाहरण या दृष्टीने सविस्तर पाहण्यासारखे आहे. युरो संकटाच्या काळात सुरक्षित चलन म्हणून फ्रँककडे पैशाचा ओघ लागला, फ्रँक महागला, निर्यातदार अडचणीत आले, आणि ६ सप्टेंबर २०११ रोजी स्विस नॅशनल बँकेने जाहीर केले की युरोचा भाव १.२० फ्रँकच्या खाली जाऊ दिला जाणार नाही व त्यासाठी लागेल तेवढे परकीय चलन विकत घेतले जाईल. हा तळ तीन वर्षांहून अधिक काळ टिकला. २०१४ च्या अखेरीस भाव तळाच्या जेमतेम वर रेंगाळत होता, तेव्हा युरो घ्यावा आणि १.२० च्या जरा खाली स्टॉप-लॉस (भाव तिथे उतरला की आपोआप विकण्याची ऑर्डर) लावावा, हा सौदा पुष्कळांना जवळजवळ बिनधोक वाटू लागला होता. १२ जानेवारी २०१५ रोजी बँकेच्या उपाध्यक्षांनी हा तळ धोरणाचा आधारस्तंभ राहील असे सांगितले, आणि १५ जानेवारीला सकाळी साडेदहा वाजता बँकेने तो काढून टाकला. भरवशाच्या म्हशीला टोणगा व्हावा, तसे झाले. काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली गेला.

समजा, एखाद्याने १.२०१० ला एक लाख युरो घेतले होते आणि १.१९५० ला स्टॉप-लॉस लावला होता. कागदावर त्याचा तोटा ६०० फ्रँकपेक्षा जास्त होऊ शकत नव्हता. परंतु साधा स्टॉप-लॉस भावाची हमी देत नाही. तो भाव लागला की मिळेल त्या भावाला विकण्याची ऑर्डर सुटते, एवढाच त्याचा अर्थ, आणि त्या सकाळी मधल्या भावांना घेणाराच नव्हता. सौदा १.०२०० ला कटला असे धरले, तर तोटा १८,१०० फ्रँक, म्हणजे ठरवलेल्याच्या तीसपट होतो. सौदा दोन टक्के मार्जिनवर केलेला असेल, तर खात्यातले दोन हजार युरो तर जातातच, शिवाय ट्रेडर ब्रोकरचा देणेकरी होतो. ग्राहकांकडून अशी देणी वसूल न झाल्यामुळे अल्पारी या ब्रोकरची ब्रिटनमधील कंपनी दिवाळखोरीत गेली आणि अमेरिकेतील एफएक्ससीएम या ब्रोकरला तग धरण्यासाठी ३० कोटी डॉलरचे कर्ज घ्यावे लागले. तळ होता तोवर त्या भावाला हवे तेवढे फ्रँक खरोखर मिळत होते, त्यामुळे भावाला खोटे म्हणता येणार नाही. फसवी होती ती चढउतारांची आकडेवारी.

एका बाबतीत मात्र तुमची तक्रार मला पूर्णपणे रास्त वाटते, आणि ती म्हणजे मध्यवर्ती बँकच बाजारातली मुख्य गिऱ्हाईक होऊन बसते तेव्हाची. बँक ऑफ जपानने सप्टेंबर २०१६ पासून दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा शून्याच्या आसपास बांधून ठेवला आणि त्यासाठी इतके रोखे खरेदी केले की एकूण सरकारी रोख्यांपैकी सुमारे निम्मे तिच्याच तिजोरीत जमा झाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये तर दहा वर्षांच्या नव्या रोख्यात सलग चार दिवस सौदाच झाला नाही. आठ-नऊ वर्षांच्या रोख्यांचा परतावा दहा वर्षांच्या रोख्यापेक्षा जास्त, असे चमत्कारिक चित्रही याच काळात दिसले, कारण बँकेचा जोर एकाच मुदतीवर होता. अशा भावातून बँकेची इच्छा कळते, बाजाराचे मत कळत नाही. २० डिसेंबर २०२२ रोजी बँकेने परताव्याची मर्यादा ०.२५ वरून ०.५० टक्क्यावर नेली, तेव्हा रोखे शॉर्ट करणाऱ्यांना, म्हणजे भाव पडेल या अंदाजाने आधीच विकून बसलेल्यांना, न्याय मिळाला (परतावा वाढला की रोख्याचा भाव पडतो). त्याआधी त्याच सौद्यात अनेकांनी वर्षानुवर्षे हात पोळून घेतले होते, ही गोष्ट वेगळी.

उलट बाजूही आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या अर्थसंकल्पीय घोषणांनंतर दीर्घ मुदतीचे सरकारी रोखे कोसळले. भाव पडला की पेन्शन फंडांकडे जादा तारण मागितले जाई, ते भरण्यासाठी फंड रोखे विकत, आणि त्या विक्रीने भाव आणखी पडे. तेथे विकणाऱ्याचे रोख्याच्या किमतीबद्दल काहीच मत नव्हते. त्याला फक्त त्याच दिवशी रोकड हवी होती. २८ सप्टेंबरला बँक ऑफ इंग्लंडने खरेदी जाहीर करताच तीस वर्षांच्या रोख्याचा परतावा एका दिवसात सुमारे एक टक्क्याने उतरला. कमाल ६,५०० कोटी पौंडांची तयारी होती. प्रत्यक्षात सुमारे १,९०० कोटी पौंडांतच काम भागले. या प्रसंगी विपर्यास सक्तीच्या विक्रीने झाला होता आणि बँकेने तो काढला, असेच मी म्हणेन.

प्रश्न : मग मध्यवर्ती बँक आपला शब्द कधी मोडेल, याचा अंदाज ट्रेडरने कसा घ्यावा?

उत्तर : दिवस सांगता येत नाही, पण बँकेची कुवत कोणत्या दिशेला आहे हे पाहता येते. स्वतःचे चलन महाग होऊ न देण्यासाठी बँक हवे तेवढे चलन निर्माण करू शकते. ते पडू न देण्यासाठी मात्र तिला परकीय गंगाजळी खर्च करावी लागते आणि ती संपणारी असते. १६ सप्टेंबर १९९२ रोजी ब्रिटनने पौंड सावरण्यासाठी व्याजदर १० वरून १२ टक्क्यांवर नेला, तो १५ टक्के करण्याचेही जाहीर केले, आणि तरी संध्याकाळी युरोपीय विनिमय यंत्रणेतून, म्हणजे चलनांचे परस्पर दर ठरावीक पट्ट्यात ठेवण्याच्या व्यवस्थेतून, बाहेर पडण्याची वेळ आली.

पहिल्या दिशेलाही इच्छेची मर्यादा असते. स्विस बँकेची गंगाजळी सुमारे ५०,००० कोटी फ्रँकवर गेली होती, आणि युरोपीय मध्यवर्ती बँक मोठी रोखेखरेदी जाहीर करणार असे सगळेच बोलत होते. ती घोषणा २२ जानेवारी २०१५ रोजी, म्हणजे तळ काढल्यावर अवघ्या आठवड्याने झाली. ज्याला बचावाचा खर्च दिसत होता, त्याला तारीख कळली नसती, पण धोका कळला असता. मध्यवर्ती बँकेच्या विरोधात उभे राहू नये, असा सल्ला ट्रेडरला सर्रास दिला जातो. तो वाईट नाही, पण २०१५ मध्ये बुडालेले बहुतेक जण बँकेच्या विरोधात नव्हते, तिच्या आडोशाला उभे होते. म्हणून जिथे भाव बांधलेला आहे, तिथे पोझिशनचा आकार स्टॉप-लॉसवरून ठरवू नये. बांध फुटल्यास भाव कुठे जाईल ते धरून ठरवावा. तेवढ्या तोट्याचा विचारही सोसत नसेल, तर ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाला खरेदी किंवा विक्री करण्याचा हक्क, विकत घ्यावा, म्हणजे तोटा त्यासाठी मोजलेल्या प्रीमियमपुरता मर्यादित राहील, अथवा सौदाच करू नये.

प्रश्न : खात्यातील रकमेपेक्षा जास्त देणे अंगावर येऊ नये, यासाठी काही संरक्षण असते का?

उत्तर : ते तुमचा ब्रोकर कोणत्या देशाच्या नियमांखाली येतो यावर अवलंबून आहे. युरोपीय संघात ऑगस्ट २०१८ पासून सीएफडी व्यवहार (मूळ वस्तू न घेता फक्त भावातल्या फरकावर केलेले सौदे) करणाऱ्या किरकोळ ग्राहकांची खात्यातील रक्कम शून्याखाली जाऊ न देणे ब्रोकरवर बंधनकारक झाले, आणि प्रमुख चलनजोड्यांवरील लिव्हरेज, म्हणजे स्वतःच्या रकमेच्या किती पट सौदा करता येईल ती मर्यादा, तीसपटीवर आणले गेले. स्वतःला व्यावसायिक ग्राहक म्हणून नोंदवून घेतले, तर हे संरक्षण हक्काने मिळत नाही. जादा लिव्हरेजच्या मोहाने तसा अर्ज भरण्यापूर्वी करारातील हे कलम वाचून घ्यावे.