पेजमेकर ७ मधील सुरक्षेच्या त्रुटीमुळे छोट्या छापखान्याला खरोखर धोका आहे का?

आपण निपाणीच्या छापखान्यात डीटीपीचे, म्हणजे संगणकावर पाने लावण्याचे, काम करता, आणि पेजमेकर या अ‍ॅडोबी कंपनीच्या पाने लावण्याच्या जुन्या प्रोग्रॅममधील त्रुटीविषयी मालकांना सांगितले असता "फाईल म्हणजे नुसता मजकूर, त्यातून कसला व्हायरस येणार?" असे उत्तर मिळाले, असे आपण लिहिले आहे. बेळगावात शहापूरच्या एका छापखान्यात हेच वाक्य मी जवळजवळ याच शब्दांत ऐकले असल्यामुळे हे उत्तर थोडे लांबणार आहे.

धोका आहे. पेजमेकर ७.०.१ आणि ७.०.२ मधील ही त्रुटी २००७ मध्ये उघड झाली. पीएमडी, म्हणजे पेजमेकरच्या, फाईलमध्ये फॉन्टचे नाव वाजवीपेक्षा लांब लिहिलेले असले, तर ते वाचताना प्रोग्रॅम राखून ठेवलेल्या जागेच्या बाहेर लिहू लागतो, शेजारची मेमरी पुसली जाते, आणि फाईल मुद्दाम तशी बनविलेली असल्यास पुढे मशीनवर काय चालावे हे ती बनविणारा ठरवितो. गिऱ्हाइकाची फाईल उघडल्याबरोबर पॅनोझची, म्हणजे फॉन्टला पर्याय सुचविणारी, खिडकी येते, नसलेल्या फॉन्टची यादी दाखविते आणि आपण ती न वाचताच ओके दाबतो. ती नावे आपल्या मशीनमधून नव्हे, तर परक्या फाईलमधून आलेली असतात, एवढे त्या यादीवरून कोणालाही कळावे. अ‍ॅडोबीने तेव्हा सुधारणा दिली, पण पेजमेकरचा विकास २००४ मध्येच थांबलेला असल्यामुळे आता नवे काही येणार नाही.

शहापूरच्या त्या छापखान्यात मराठी मजकूर श्री-लिपी या फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये, कन्नड नुडी या तशाच सॉफ्टवेअरमध्ये आणि मुखपृष्ठे कोरल ड्रॉ या चित्रे काढण्याच्या प्रोग्रॅममध्ये असा कारभार होता. मालकांना आम्ही अण्णा म्हणत असू. मशीनची देखभाल त्यांचा भाचा करी. पेजमेकर त्यानेच कुठून तरी आणून बसविला होता आणि त्याची मूळ सीडी कोणीही पाहिलेली नव्हती. जानेवारी २०१५ मध्ये कोअर सिक्युरिटी या संगणक-सुरक्षा कंपनीने कोरल ड्रॉमधील त्रुटी जाहीर केली: सीडीआर, म्हणजे कोरलची, फाईल ज्या फोल्डरमधून उघडावी, त्याच फोल्डरमध्ये विनटॅब३२ नावाची बनावट डीएलएल (प्रोग्रॅमला जोडून चालणारी फाईल) ठेवलेली असली, तर कोरल तीच उचलून चालविते. ते वाचून मी अण्णांना म्हटले, की पेनड्राइव्हवरच डबल क्लिक करणे बंद करू या आणि परक्या फाईलींसाठी एक जुने मशीन नेटवर्कपासून तोडून ठेवू या. "अँटिव्हायरस आहे की," भाचा म्हणाला. "तू पाने लाव," अण्णा म्हणाले.

सप्टेंबरात सोसायट्यांच्या वार्षिक सभा आल्या, की अहवालांची रीघ लागे आणि प्रत्येक चेअरमनचा माणूस ताळेबंद व संचालकांचे फोटो पेनड्राइव्हवर घेऊन येई. अशाच एका गर्दीत सामायिक फोल्डरमधील पीएमडी आणि सीडीआर फाईलींची नावे बदललेली दिसली व त्यांतील एकही उघडेना. भाच्याने मशीन तेवढ्याच तत्परतेने फॉर्मॅट केली आणि दोष माझ्या पेनड्राइव्हवरील गाण्यांना दिला. त्यावर मुखपृष्ठाची प्रूफे होती, गाणी नव्हती. अहवाल वेळेवर गेला तो मी रोज संध्याकाळी काम सीडीवर उतरवून ठेवत असल्यामुळे, आणि त्याबद्दल आजतागायत कोणी अवाक्षर काढलेले नाही.

आपण एवढे तरी करावे, की पेनड्राइव्हवरून फक्त हवी ती फाईल आपल्या रिकाम्या फोल्डरमध्ये घ्यावी आणि नेटवर्क नसलेल्या मशीनवर ती उघडून पाहावी. गिऱ्हाइकाकडून शक्यतो युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही मशीनवर सारखाच वाचता येईल असा, टंकलेला मजकूर मागून घ्यावा. अ‍ॅडोबीच्याच इनडिझाइन या पाने लावण्याच्या नव्या प्रोग्रॅमवर जाणे उत्तम. मात्र आजचे इनडिझाइन पीएमडी उघडत नाही आणि श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टमधील मजकूर रूपांतर करून पुन्हा तपासावा लागतो, म्हणून हे काम लग्नसराईच्या तोंडावर काढू नये. विंडोज ७ चा आधारही १४ जानेवारी २०२० रोजी संपला आहे, हे मालकांच्या कानावर घालावे.

त्या दिवशीची घाण याच त्रुटींमधून शिरली, असे मात्र मी म्हणत नाही. मशीन फॉर्मॅट झाल्यावर पुरावा उरतच नाही, आणि पेनड्राइव्हवरून सर्रास फिरणाऱ्या एखाद्या साध्या व्हायरसचेही ते काम असू शकेल. निपाणीच्या छापखान्यासाठी खास पीएमडी फाईल रचण्याची तसदी सहसा कोणी घेणार नाही, हेही खरे. तरीही मालकांकडे पेजमेकरची मूळ सीडी मागावी. ती नसेल, तर कोणती आवृत्ती बसविली आहे आणि सुधारणा घेतली आहे की नाही हे त्यांनाही सांगता येणार नाही. मग उद्या मशीन बिघडल्यावर त्यांनी आधी ऑपरेटरचा पेनड्राइव्ह तपासायला मागू नये.