अकरावीच्या इतिहासाआधीची सुट्टी

अगं, सनावळ्या पाठ करत बसू नकोस. मी तेच केलं आणि पहिल्याच चाचणीत ‘कारणे लिहा’पाशी हात टेकले. ऊन तापायच्या आत नाशिकची पांडवलेणी चढ. दहाव्या लेण्यात नहपान या शक क्षत्रपाच्या, म्हणजे राज्यकर्त्याच्या, जावयाचे, उषवदाताचे दानलेख आहेत. तिसऱ्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख, नहपानाच्या क्षहरात वंशाचा उच्छेद करणाऱ्या तिच्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी सांगणारा. एकाच डोंगरावर हरलेले आणि जिंकलेले दोघेही बोलतात! कोण, कशासाठी कोरून ठेवतंय, ते वहीत लिही. मग दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली झालेला १९३०चा काळाराम मंदिर सत्याग्रह घे. १९३५ साली येवल्यात आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, तिच्यामागे हा अनुभव कसा होता, यावर एक पान, स्वतःच्या शब्दांत. खाडाखोड झाली तरी चालेल, मला दाखव.