कुशीवर वळताना घर फिरतं, कानाच्या तपासणीत नेमकं काय करतात?

तुमच्या आईंना कुशीवर वळलं की घर फिरतं, डॉक्टरांनी तोलाची तपासणी सांगितली आहे आणि कानात पाणी सोडतात हे ऐकून त्या घाबरल्यात, असं तुम्ही लिहिलंय. मी सांगलीचा, हेच भोगलेला.

माझे सहा महिने मानेच्या पट्ट्यात गेले. एक्स-रेत मणके झिजलेले दिसले (पन्नाशीनंतर ते बहुतेकांचे दिसतात) आणि चक्कर त्यांच्या माथी मारली गेली. चक्कर कधी येते, किती वेळ टिकते, हे कुणी विचारलंच नाही. माझी यायची कूस बदलताना, आणि मिनिटभराच्या आत थांबायची. आईंचंही असंच आहे का, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

शेवटी मिरजेच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी मला खाटेवर बसवलं, मान उजवीकडे 45 अंश वळवली आणि झटकन आडवं केलं, डोकं कडेखाली लोंबतं. ‘डोळे मिटू नका.’ चार-पाच सेकंद काहीच नाही, मग छत गरगरलं. डॉक्टर बघत होते माझी बुबुळं. ती झटके देत कुठल्या दिशेला फिरतात, यावरून बिघाड कुठल्या कानात ते कळतं. ही डिक्स-हॉलपाइक तपासणी, 1952 पासूनची. यंत्र लागत नाही. आतल्या कानातले कॅल्शियम कार्बोनेटचे कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात आणि डोकं वळलं की तिथला द्रव ढवळतात. मग एप्लेच्या पद्धतीनं डोकं टप्प्याटप्प्यानं फिरवून त्यांनी ते कण मागे सारले. दुसऱ्या खेपेनंतर मी निर्धास्त झोपलो.

म्हणून आधी विचारा, ही खाटेवरची तपासणी झाली का?

पाण्याची तपासणी वेगळी. 30 आणि 44 अंशांचं पाणी, म्हणजे शरीराहून सात अंश गार आणि सात अंश गरम, एकेका कानात सोडतात. डोळ्यांवर कॅमेऱ्याचा चष्मा असतो. कुठला कान मंदावलाय ते यातून समजतं. गरगरतं, पण दोन-तीन मिनिटांत ओसरतं. पडद्याला भोक असेल तर पाणी सोडत नाहीत, तेव्हा कान कधी वाहिला असेल तर आधीच सांगा. पोटभर जेवून जाऊ नये, काजळ लावू नये. चक्करेच्या गोळ्या साधारण दोन दिवस आधी बंद करायला सांगतात, पण ते डॉक्टरांना विचारूनच. परतताना सोबत कुणीतरी हवं.

आणि चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसू लागले किंवा हातपाय लुळा पडला, तर कानाच्या तपासणीची वाट न बघता थेट मोठ्या दवाखान्यात न्या.