जुलाब थांबले, आता कुत्रीच्या वाडग्यात काय घालावं?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: चार वर्षांची, बारा किलोची देशी कुत्री. दोन दिवस उलट्या-जुलाब झाले, डॉक्टरांनी इंजेक्शन आणि गोळ्या दिल्या. उलट्या कालपासून थांबल्यात, शी अजून सैल आहे, पण ती आता वाडगं चाटत खायला मागतेय. सासूबाई म्हणतात दूध-पोळी घाला, नवरा म्हणतो अजून एक दिवस उपाशी ठेवू.

दोघांचंही ऐकू नका. गुरगुट्या भात आणि उकडलेलं चिकन, थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा द्या. उत्तर खरं तर एवढंच आहे. पण आमच्या घरी हा कार्यक्रम एकाच आठवड्यात दोनदा करावा लागला, आणि दुसऱ्यांदा निव्वळ आमच्या चुकीने, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही इंदूरला, राजेंद्र नगरात राहतो. आमचा भुट्टा (रंगाने मक्याच्या कणसासारखा पिवळा, म्हणून हे नाव) अठरा किलोचा देशी गडी. गेल्या थंडीत बाबांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, जुने मित्र जेवायला होते आणि बेत दाल-बाफल्यांचा होता. माळव्याबाहेरच्यांसाठी सांगते, बाफले म्हणजे कणकेचे गोळे आधी पाण्यात उकडायचे, मग भाजायचे आणि शेवटी तुपात बुडवून काढायचे. निथळत ठेवलेल्या परातीतले चार बाफले भुट्ट्याने कधी लांबवले ते कुणालाच कळलं नाही. रात्री दोनला पहिली उलटी, आणि मग पहाटेपर्यंत दोन्हीकडून. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणाऱ्या शहरात पहाटे चारला बादली आणि खराटा घेऊन गल्ली धुणारी बाई कुणी पाहिली असेल तर ती मीच.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला तो तुपाचा. एकदम खूप तेल-तूप पोटात गेलं की कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि ती साध्या अपचनापेक्षा फार वाईट. आमचं तेवढ्यावर गेलं नाही. पण बरं होत असताना स्निग्ध काही नको, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं.

आता उपाशी ठेवण्याबद्दल. पूर्वी सरसकट चोवीस तास उपास सांगत, त्यामुळे तुमच्या मिस्टरांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. उलट्या चालू असताना काही तास पोटाला विश्रांती देणं ठीकच आहे. पण तुमच्याकडे उलट्या थांबून दिवस झालाय, भूकही लागली आहे. आतड्याच्या अस्तराला त्याचं पोषण बरंचसं आतून जाणाऱ्या अन्नातूनच मिळतं. ते रिकामं ठेवून लवकर भरून येत नाही. पिल्लं, अगदी लहान चणीची कुत्री आणि मधुमेह असलेली कुत्री यांना तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय उपाशी ठेवूच नये, त्यांची साखर झपाट्याने उतरते.

आणि दूध? मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर पचवणं मुळात जड जातं, आणि जुलाबानंतर सोलवटलेल्या आतड्याला आणखीच. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते, म्हणजे पुन्हा जुलाब. सासूबाईंना एवढंच सांगा की दूध पाजलं की रात्री उठायची पाळी त्यांची.

भात कसा करायचा ते नीट सांगते, कारण इथेच लोक घाई करतात. साधा पांढरा तांदूळ घ्या, तुकडा असला तरी उत्तम. ब्राऊन राइस नको, त्यातला कोंडा सध्या नको आहे. एक वाटी तांदळाला पाच वाट्या पाणी, कुकरला सहा शिट्ट्या, आणि वाफ पूर्ण जिरेपर्यंत झाकण उघडायचं नाही. मग डावाच्या पाठीने घोटा. तान्ह्या बाळाला भरवतो ना, तसा व्हायला हवा, डावातून सावकाश ओघळणारा. फरक इतकाच की यात मीठ, तूप, हिंग, हळद, मेतकूट काहीही नाही. माझा हात पहिल्या दिवशी सवयीने तुपाच्या भांड्याकडे गेलाच होता.

चिकन छातीचं, बिनहाडाचं, बिनकातडीचं. नुसत्या पाण्यात वीसेक मिनिटं उकळा. ते पाणी फेकू नका. फ्रीजमध्ये ठेवलं की वर पांढरा थर धरतो, तेवढा चमच्याने काढून टाका. खालचं पाणी दोन चमचे कोमट करून भातावर घातलं की तोंडाची चव गेलेलं कुत्रंही नाक पुढे करतं. बाजारातला सूपचा क्यूब मात्र वापरू नका, त्यात मीठ असतं आणि बहुतेक वेळा कांदा-लसूणही. चिकनचे हाताने अगदी बारीक धागे काढा. मोठा तुकडा दिसला की कुत्रं तेवढाच उचलतं आणि भात तसाच ठेवतं.

आमच्या स्वयंपाकघरात चिकन शिजत नाही. म्हणून मागच्या गॅलरीत जुनी शेगडी आणि एक काळं पडलेलं पातेलं खास भुट्ट्याचं आहे. तुमच्याकडे तेही चालत नसेल तर उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग किंवा साय काढलेल्या दुधाचं घरी फाडलेलं पनीर चालतं. पनीरच्या पाण्याबरोबर दुधातली बरीचशी साखर निघून जाते. मुगाच्या डाळीचं नुसतं वरचं पाणी देतात बरेच जण. ते बाधत नाही, पण त्यात पोट भरण्यासारखंही फारसं काही नसतं.

प्रमाण भात दोन भाग, चिकन एक भाग. बारा किलोच्या कुत्रीला दिवसभरात साधारण दोन वाट्या भात आणि एक वाटी चिकन, रोजची आमटीची वाटी धरून. हे कालवून त्याचे पाच भाग करा आणि दर तीन-साडेतीन तासांनी एक द्या. पहिला घास तर तीन-चार चमच्यांचाच असू दे. तासभर थांबा, पोटात टिकला की पुढचं. वाडग्यात ते इतकंसं दिसतं की आपल्यालाच अपराधी वाटतं. वाटू द्या.

पाणी कायम समोर हवं. बारा किलोला दिवसाला साधारण सहाशे-सातशे मिली लागतं, जुलाबात त्याहून जास्त. पण एका दमात घटाघटा पिऊन लगेच ओकत असेल तर थोडं थोडं, दर अर्ध्या तासाने द्या.

आता आमची चूक. भुट्ट्याची शी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जरा घट्ट झाली, तिसऱ्या दिवशी सकाळी तो शेपटी हलवत दाराशी गेला, पेपरवाल्यावर भुंकला. आम्ही सगळे खूश. आणि बाबांनी, नेहमीप्रमाणे, चहात बुडवलेला टोस्ट त्याला दिला. वर लोणी लावून. मी ओरडले तर म्हणाले, "अगं, भूक लागून राहिली आहे त्याला! एका टोस्टने काय होतं?" एक नव्हता, तीन होते, हे नंतर कळलं. रात्री तीनला मी पुन्हा बादलीसकट गल्लीत.

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, बहुतेक लोक पहिल्या दिवशी नीट वागतात, घसरतात ती तिसऱ्या दिवशी. कुत्रं उत्साहात आलं म्हणजे आतडं भरून आलं असं नाही. म्हणून शी बांधून व्हायला लागली की त्यानंतरही दोन दिवस हाच भात. मग चार भागांत एक भाग तिचं नेहमीचं खाणं, दोन दिवस. पुढे निम्मं-निम्मं, दोन दिवस. मग तीन भाग नेहमीचं, एक भाग भात. मध्येच शी सैल झाली तर एक पायरी मागे. या सगळ्यात आठवडा जातो. पण भात-चिकनवर कायमचं ठेवू नका. त्यात कॅल्शियम नाही आणि बाकीही बऱ्याच गोष्टी नाहीत.

लाल भोपळा (आमच्याकडे भाजीवाला कद्दू म्हणतो) सालं काढून वाफवून, कुस्करून, एका वेळेला दोन छोटे चमचे भातात घाला. त्यातला विरघळणारा तंतू पाणी धरून ठेवतो आणि शी बांधायला मदत करतो. ताजं, गोड दही चौथ्या-पाचव्या दिवसापासून एक चमचा देऊन बघा, मानवलं तर ठीक. डॉक्टरांच्या गोळ्या मध्येच बंद करू नका, आणि घरातली माणसांची जुलाबाची किंवा तापाची गोळी अजिबात देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन कुत्र्यांना घातक ठरू शकतात.

खायच्या वस्तूंत चॉकलेट, द्राक्षं आणि मनुका कधीच नको, हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. कांदा-लसणाचं मात्र लोक विसरतात. त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि परिणाम काही दिवसांनी दिसतो, त्यामुळे कुणाला संबंधही कळत नाही. इंदुरात तर पाहुणा आला की लसणी शेवेची बशी पुढे येते आणि ती नेमकी कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर ठेवलेली असते. आमच्याकडे शेव आता फ्रीजवर असते.

खालीलपैकी काही दिसलं तर भाताच्या भानगडीत न पडता तिला सरळ दवाखान्यात न्या. शीमध्ये रक्त किंवा शी डांबरासारखी काळी, उलट्या पुन्हा सुरू, पाणीही पोटात न टिकणं, हाक मारली तरी मान न उचलणं. पोट टम्म फुगून नुसते उमासे येत असतील तर एक मिनिटही थांबू नका. घरी दोन गोष्टी बघता येतात. हिरडीवर बोट दाबून सोडा, पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. आणि मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडा, ती लगेच जागेवर बसायला हवी. सावकाश बसत असेल तर अंगातलं पाणी कमी झालंय. लस न झालेलं पिल्लू असेल तर घरगुती उपाय करूच नयेत. १९७८ मध्ये जगभर पसरलेला पार्व्हो हा विषाणू अजूनही पिल्लं नेतो आणि सुरुवातीला तो साध्या जुलाबासारखाच दिसतो. आणि सगळं नीट करूनही चार-पाच दिवसांनी शी सैलच राहिली तर ताजा नमुना डबीत घेऊन तपासून घ्या, जंत किंवा जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) निघू शकतो. तुम्ही इंदूरकडच्या असाल तर वीस-पंचवीस किलोमीटरवर महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

एक सांगायचं राहिलं. भातावर आल्यावर एक-दोन दिवस तिला शी झालीच नाही तर घाबरू नका. या अन्नाचा चोथा फार थोडा उरतो. ती खातेय, पाणी पितेय, कुंथत नाही, तर वाट बघा.

सासूबाईंशी वाद घालू नका, भात घोटायचं काम त्यांनाच द्या. दुसऱ्या फेरीत मी पाच वाट्या मोजून बाबांच्या ताब्यात दिल्या. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात, दुधाचा हिशोब लिहितात त्या चौकोनात, वेळा मांडल्या: सात, साडेदहा, दोन, साडेपाच, नऊ. प्रत्येक वाटीपुढे बरोबरची खूण, आणि शेजारी बारीक अक्षरात शीचा शेरा: "पातळ", "बरी", "उत्तम". डिसेंबरचं ते पान त्यांनी अजून फाडलेलं नाही.