आबांचं रान

प्रिय सई,

फोनवर आबा म्हणाले, “सकाळपासून रानात होतो, रान भिजवत,” आणि तू मला विचारलंस की आबा जंगलाला पाणी का घालतात? तुझ्या पुस्तकात रान म्हणजे वाघ-हरणांचं घर, म्हणून घोळ झाला. कोल्हापूरकडे शेताला सरळ रान म्हणतात. शेत हा शब्द कळतो सगळ्यांना, पण तोंडी येतं ते रानच.

मूळ शब्द संस्कृत ‘अरण्य’. बोलता बोलता सुरुवातीचा ‘अ’ गळला, जसा ‘अरिष्ट’चा रिठा झाला. उरलेल्या ‘रण्ण’चं रान झालं, कर्णाचा कान आणि पर्णाचं पान झालं त्याच वाटेनं. लढाईचं ‘रण’ मात्र वेगळं, त्याचा इथे संबंध नाही.

आता अरण्याचं शेत कसं झालं? अरण्य म्हणजे फक्त दाट झाडी नव्हे. तो शब्द ‘अरण’पासून आला, म्हणजे दूरचं, परकं. वेदकाळी जनावरांचेसुद्धा दोन गट करत, ग्राम्य आणि आरण्य. घरं संपली की पुढचं सगळं अरण्य. आबा हाच जुना अर्थ वापरतात: एकीकडे गाव, दुसरीकडे रान. मग त्यात ऊस असो, गवत असो की काटेरी झुडपं.

नेमकं कुठलं रान, ते शेजारच्या शब्दावरून ओळखायचं. ‘रान’ आधी आलं तर बहुतेक वेळा अर्थ न पेरलेलं, न पाळलेलं: रानभाजी, रानडुक्कर, राधानगरीच्या अभयारण्यातला रानगवा. ‘रान’ शेवटी आलं तर जमिनीचा प्रकार: माळरान म्हणजे उंचावरची, पातळ मातीची, दगडगोट्यांची जमीन; गायरान म्हणजे गावच्या गुरांच्या चराईसाठी राखलेली सरकारी जमीन. (गायरानाचा तुकडा कुणाला परस्पर विकता येत नाही, तरी अतिक्रमणं होतात आणि भांडणंही.) आणि नांगरलं, भिजवलं, पड टाकलं असं क्रियापद आलं की ते नक्की शेत. काळं रान, तांबडं रान, मुरमाड रान ही मातीची नावं. पंचगंगेकाठच्या गाळाच्या जमिनीला मळी म्हणतात. तिथे पीक जोरात येतं, पण पूरही आधी तिथेच शिरतो.

“रान घातीवर आलंय” असंही आबा म्हणतात. घात म्हणजे वाफसा: पाणी मुरून माती मशागतीजोगी झालेली. मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडायचा. फुटून भुगा झाला तर घात आहे, चपटा होऊन राहिला तर अजून ओल जास्त आहे. ओल्यात नांगर घातला की मोठी ढेकळं निघतात आणि वाळून दगडासारखी होतात. फार थांबलं तर जमीन आवळते आणि नांगर आत शिरत नाही. मुरमाड रान लवकर घातीवर येतं. काळ्या रानात ओल धरून राहते, तिथे घाई करणाराच फसतो.

कागदावर मात्र रान कुठेच नाही. सातबाऱ्यात ‘क्षेत्र’ असतं, आणि ‘शेत’ त्याच शब्दापासून आलं. ‘जमीन’ फारसीतून आली. गुंठा म्हणजे 33 फूट लांब, 33 फूट रुंद, म्हणजे 1,089 चौरस फूट. 40 गुंठ्यांचा एकर. सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, आणि एक आर 100 चौरस मीटरचा, म्हणजे गुंठ्याहून किंचित लहान. त्यामुळे आबांचं “तीस गुंठं रान” कागदावर साधारण 30 आर 35 चौरस मीटर दिसेल. वरचे 35 चौरस मीटर कुठून आले, असं त्यांना विचारलंस तर ते बांधापासून सुरुवात करतील, तेव्हा वेळ काढून फोन कर.

तुझा,
बाबा